लक्ष्मीबाईंचे आगमनपर्व

मार्गशीर्ष लागला की आपल्या मराठी घरांतून गुरुवारचे घट मांडले जातात. माळव्यात राहणाऱ्यांना या महिन्याची एक गंमत ठाऊक आहेच. आसपासची मंडळी पौर्णिमान्त महिने मोजतात, आपण अमान्त. त्यामुळे शेजारणीचा अगहन आपल्या मार्गशीर्षाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. टोंकखुर्दच्या काळ्या शिवारात तेव्हा गव्हाला पाणी सोडलेले असते, बायका हरभऱ्याची कोवळी पाने भाजीला खुडून आणतात, आणि एकाच गल्लीत दोन पंचांगे सुखाने नांदत असतात. याच दिवसांत एक तिसरे पंचांगही चालू असते. त्याची आठवण आपल्याला पंचवीस डिसेंबरखेरीज सहसा होत नाही.

ख्रिस्ती लोक नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. येणाऱ्याची वाट पाहायची आणि त्याच्यासाठी घर व मन तयार ठेवायचे, एवढाच या काळाचा अर्थ. नाताळ किती दिवसांवर आला, असे अनाथ मुले रोज विचारीत, म्हणून जर्मनीतल्या हांबुर्ग शहरी विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३९ साली गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या लावल्या; रोज एक पेटवायची आणि रविवारी मोठी. आज जगभर चर्चमधून दिसणारे चार मेणबत्त्यांचे कडे त्यातूनच आले. मुलांच्या कंटाळ्यावर काढलेल्या तोडग्याचा पुढे धार्मिक विधी झाला, हे मला फार आवडते.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या देवास जिल्ह्यात ख्रिस्ती नाव निघाले तर ते बहुधा उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया यांचे निघते. १९९५ साली त्यांची हत्या झाली आणि २०१७ साली इंदूरला त्यांना धन्य घोषित करण्यात आले. पण आगमनकाळ हा शब्द मी वाचला तेव्हा मला दुसरीच एक बाई आठवली. तिचे पुस्तक आपल्या जुन्या घरांतल्या कपाटांत ज्ञानेश्वरी आणि दासबोधाच्या शेजारी राहिलेले आहे, आणि त्या शेजाराला कोणी हरकत घेतल्याचे मी ऐकले नाही. ती बाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कर्त्या लक्ष्मीबाई टिळक.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. लक्ष्मीबाई ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत गेल्या, ती काँग्रिगेशनल पंथाची. जुन्या चर्चचे पर्वकाळ आणि त्यांचे नियम यांचे त्या पंथात पूर्वी फारसे प्रस्थ नव्हते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी आगमनकाळाचे व्रत पाळले, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. देवाच्या येण्याची तयारी कशी करावी, याचे दोन अगदी उलटे प्रकार त्यांनी एका जन्मात पाहिले. पहिला वडिलांच्या घरी, दुसरा स्वतःच्या.

१ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपुरी गोखल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. नाव मनकर्णिका. आईचे वडील सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत फाशी गेले होते. त्या घटनेने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा काही घाव घातला की त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. कोणी कोठे शिवले, कोणाची सावली पडली, यावर सगळ्या घराचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. मुलांनी मोकळेपणी खेळायचे म्हटले तरी चोरी. बायको बिचारी हे सारे निमूटपणे सोशी.

हे वाचून आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई ते हसतच सांगतात. पण क्षणभर त्या वडिलांच्या बाजूनेही पाहावे. त्या माणसाची तयारी खरी होती. देवापुढे स्वच्छ उभे राहावे याखेरीज त्यांना दुसरे काही नको होते. फाशीची छाया पडलेल्या घरात हा माणूस आयुष्यभर पाणी ओतीत राहिला. ते घर फार स्वच्छ झाले असेल, पण त्यात दुसऱ्या कोणाला पाऊल टाकायला जागा उरली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत अशी घरे माळव्यातही होती. सोवळ्यातल्या स्वयंपाकघराचा उंबरा मुलांना किती उंच वाटे, हे सांगणारी माणसे अजून भेटतात.

अकराव्या वर्षी मनकर्णिकेचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक ६ डिसेंबर १८६१ चे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. सहज म्हणून तारखा ताडून पाहिल्या. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता, म्हणजे ज्याला पुढे मराठी ख्रिस्ती कवींचा मुकुटमणी म्हणायचे, तो आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात जन्मला होता. जन्मला तो मात्र चित्पावनाच्या घरात.

सासरे वामनराव तापट. सून पोर, तिने सोसले पुष्कळ. टिळक स्वभावाने लाखात एक, पण संसाराला अगदी कुचकामाचे. कविता करणारे, संस्कृत जाणणारे, कीर्तन करणारे, व्याख्याने देणारे. आज या गावी नोकरी तर उद्या दुसऱ्या. मनात आले की न सांगता घर सोडून जायचे आणि मनात आले की परत यायचे. हाती पैसा आला की तो ज्याला पहिल्यांदा हवा असेल त्याचा. बायकोला वाचायला त्यांनीच शिकवले, पण तिची गाडी जोडाक्षरांपाशी अडली ती बरीचशी तेथेच राहिली. या दोघांची भांडणे लक्ष्मीबाईंनी लिहिली आहेत तशी मराठीत कोणी लिहिलेली नाहीत. त्यांत राग आहे, पण कडवटपणा नाही. पहिली मुले लहानपणीच गेली. मागे राहिला तो दत्तू, पुढचे देवदत्त टिळक.

नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. तेथून ते राजनांदगाव संस्थानात गेले. संस्थानी गावातली नोकरी म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. राजनांदगावच्या वाटेवर, १८९३ च्या सुमारास, आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी कवितेच्या आणि धर्माच्या गोष्टी काढल्या आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत हातात दिली. टिळकांनी ती वाचायचे कबूल केले म्हणून वाचली. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांना पुस्तक खाली ठेववेना.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना बातमी मागाहून कळली.

पुढची जवळजवळ पाच वर्षे ही खरी आगमनकाळाची वर्षे आहेत असे मला वाटते, जरी त्या बाईला तेव्हा तसे मुळीच वाटले नसते. नवरा जिवंत आहे आणि नाही. कुंकू आहे, पण घर नाही. पदरी लहान मूल. कधी बहिणीकडे पंढरपूरला, कधी नाशिकला, कधी आणखी कोणाकडे. नातेवाईक प्रेमाने वागत, पण प्रेमाने वागवून घेणे हेही एक ओझे असते, ते त्यांनाच ठाऊक ज्यांनी ते उचलले. दुःख अंगावर काढून त्या आजारी पडल्या. याच काळात त्यांच्या तोंडून पद्य बाहेर पडू लागले. टिळकांची पत्रे येत. ते स्वतःही येऊन भेटत, रडत, रागावत आणि जात. त्या धर्म सोडायला तयार नव्हत्या आणि नवऱ्यालाही सोडायला तयार नव्हत्या. ज्यांच्या घरात अशी एखादी ताटातूट कधी झाली असेल, मग ती धर्मावरून असो की आणखी कशावरून, त्यांनी ही पाने वाचताना सावकाश वाचावीत.

अखेर त्या नगरला नवऱ्याजवळ राहायला गेल्या. गेल्या त्या आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल बरोबर घेऊन. एका वाड्यात दोन धर्म. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हा त्या तापट माणसाच्या आयुष्यातला मोठा संयम समजला पाहिजे. आणि मग त्या चुलीची बंधने एकेक करून गळत गेली. कोणी प्रवचन केले म्हणून नव्हे. शेजारी आजारी माणूस आहे, त्याला पाणी द्यायचे आहे. अंगणात पोर रडते आहे, त्याला उचलायचे आहे. अशा वेळी हात पुढे होई आणि सोवळे मागे राही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर त्या थांबल्या नाहीत. ज्यांच्या हातचे पाणी आजवर वर्ज्य होते, त्यांच्या हातचे घेतले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

ख्रिस्ती लोक ज्याला कृपा म्हणतात, ती काय असते, हे मला तरी या पानांवरून समजले. आपल्याकडे पुण्य जोडावे लागते. त्याचा हिशेब राहतो. प्रसाद मात्र हातावर पडतो. रांगेत मागे उभ्या असलेल्यालाही तो मिळतो, नुसत्या दर्शनाला आलेल्या परक्यालाही. जलालपूरच्या घरात सारा हिशेब पुण्याचा होता. नगरच्या घरात प्रसाद वाटला जात होता, आणि वाटणारीला आपण काही मोठे करतो आहोत असे वाटतही नव्हते. तिला वाटे, आज पिठाचा डबा पुन्हा रिकामा झाला.

हे वर्ष कोणते होते तेही लक्षात घ्यावे. १८९९-१९०० चा दुष्काळ. माळव्यात त्याला छप्पनिया म्हणतात. संवत १९५६ चा तो. तोपर्यंत माळव्यात दुष्काळ पडत नाही, अशी म्हणच होती. पग पग रोटी, डग डग नीर या प्रौढीला छप्पनियाने पहिला जबरदस्त तडा दिला. नगर जिल्हा तर पावसाच्या बाबतीत जन्माचा कंगाल. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या दारी येऊ लागली. त्याच्या पुढेमागे प्लेग. लोक गाव सोडून पळत होते, त्या दिवसांत टिळक आणि लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. बाजारची वस्तू धुऊन घेणाऱ्या बापाची मुलगी प्लेगच्या रोग्याचे अंथरूण साफ करीत होती. लक्ष्मीबाईंनी यावर टाळ्या मागितलेल्या नाहीत. त्यांना त्या दिवसांतल्या फजित्याच अधिक आठवतात.

त्या घरी येणाऱ्याजाणाऱ्याला अंत नव्हता. टिळक न सांगता पाहुणे आणीत. पाहुणा म्हणजे कधी कवी, कधी साहेब, कधी वाटेत भेटलेला भिकारी, कधी कोणाचे टाकलेले मूल. मुलगी म्हणून वाढवलेली तारा अशीच घरात आली. आलेले माणूस जेवून जाईल की वर्षभर राहील, हे टिळकांनाही ठाऊक नसे. स्वयंपाकघरात उभे राहून आपल्यापैकी किती जणींनी हा हिशेब केला असेल : ताटे किती, भाकरी किती, आणि दारात आणखी कोण उभे आहे! लक्ष्मीबाई रागावत. तोंडाने खरमरीत बोलत. आणि ताट मांडीत.

या येणाऱ्यांत एक कोवळा तरुण होता, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याची कविता ऐकून त्याला बालकवी म्हणू लागले होते. टिळकांनी त्याला घरी आणला. लक्ष्मीबाईंना एक मूल आणखी झाले. हळवा, लहरी, रुसणारा मुलगा. त्याचे रुसवे काढणे हे त्यांचेच काम. मराठी कवितेतली सगळ्यांत कोवळी हिरवळ आणि ऊन ज्याच्या लेखणीतून उतरले, तो काही काळ या बाईच्या हातचे जेवत होता. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली तो गेला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता.

टिळकांनी ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग सांभाळला, भजने लिहिली, ख्रिस्ती कीर्तने केली. परदेशी पेहरावातला ख्रिस्त त्यांना मान्य नव्हता. त्यांना तो ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने आलेला हवा होता. १९१७ साली त्यांनी संन्यास घेऊन साताऱ्यास देवाचा दरबार उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुन्हा नवऱ्याचे जाणे आले. पण आता त्यांना त्याची सवय झाली होती, आणि मनातली तेढही गेली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. बालकवीला जाऊन तेव्हा वर्ष झाले होते.

त्यापुढच्या सतरा वर्षांबद्दल लोक कमी बोलतात. मला ती विशेष महत्त्वाची वाटतात. नवऱ्याच्या मागे लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले. मुलाच्या नोकरीमुळे काही काळ कराचीला राहिल्या, मग नाशिकला आल्या. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितल्या. आई लिहू लागली ती स्वतःच्या बोलण्यासारखीच. पुढे त्या आठवणी ‘संजीवनी’ साप्ताहिकातून येऊ लागल्या, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ या नावाने चार भागांत पुस्तकरूपाने निघाल्या. तोवर मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ झाली होती, थोरामोठ्यांची. त्यांत स्वतःला हसणारे माणूस क्वचितच होते. १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. जोडाक्षरे तेव्हाही त्यांना जडच जात होती.

‘स्मृतिचित्रे’ लोकप्रिय झाले ते विनोदामुळे, असे सांगतात. ते खरे, पण अर्धेच. टोंकखुर्दला आमच्या घरी हे पुस्तक मोठ्याने वाचले जाते तेव्हा मुले हसतात आणि मोठी माणसे गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. मुलांची बोली आता अर्धी हिंदी, अर्धी माळवी. पुष्कळ मराठी पुस्तके त्यांना समजावून सांगावी लागतात. हे मात्र लागत नाही, कारण त्यात लिहिण्याची भाषा जवळजवळ नाहीच. शेजारी बसून कोणी मावशी बोलते आहे असे ऐकू येते. मोठ्यांना गप्प करते ते दुसरेच. धर्मांतराच्या काळातल्या कोणाही नातेवाइकाबद्दल, कितीही टोचून बोललेला असो, या बाईने मनात काही ठेवलेले नाही. ज्यांनी घर दिले त्यांचे उपकार सांगितले आहेत, ज्यांनी दार लावले त्यांचीही बाजू सांगितली आहे. वेड्या सोवळ्यापायी बालपण करपवणाऱ्या वडिलांचीही. आपल्या गोतावळ्यात एखाद्याने दुसऱ्या जातीत लग्न केले म्हणून वीसवीस वर्षे चूल वेगळी ठेवलेली घरे मी माळव्यात पाहिली आहेत. अशा एखाद्या घरात हे पुस्तक कपाटात असते आणि त्याची पाने चांगली हाताळलेली असतात, याचे मला नवल वाटत आले आहे.

राहता राहिले ‘ख्रिस्तायन’. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायचे टिळकांच्या मनात होते. अकरा अध्यायांच्या पुढे ते काम त्यांच्या हातून झाले नाही. १६१६ साली गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेव्हापासून मराठी ओवीला हा विषय परका नव्हता. पण स्टीफन्स इंग्लंडात शिकून आलेला जेझुइट पंडित होता. इथे नवऱ्याचा अपुरा ग्रंथ पुढे न्यायला बसली होती उतारवयातली, दुखणाईत, जेमतेम अक्षरओळख असलेली बाई. ओवी मात्र तिला कोणाकडून शिकावी लागणार नव्हती. जात्यावर बसलेल्या कोणत्याही मराठी बाईला ती येतच असते.

त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, सोमवारी, नाशिकला त्या गेल्या. दोनच दिवसांनी, बुधवारी, ख्रिस्ती लोकांचा दुसरा तयारीचा काळ, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, सुरू होणार होता. राहिलेला शेवटचा अध्याय देवदत्तांनी पुरा केला आणि १९३८ साली शहात्तर अध्यायांचे ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले. ‘स्मृतिचित्रे’ची जी प्रत आज ग्रंथालयात मिळते ती बहुधा त्यांचे नातू अशोक टिळक यांनी सिद्ध केलेली, तीच घ्यावी. इंग्रजी शिकलेल्या नातवंडांसाठी शांता गोखले यांनी २०१७ साली केलेला अनुवादही आहे. ‘ख्रिस्तायन’ मिळायला कठीण. माझ्या पाहण्यात आलेली प्रत जुनी होती, पाने पिवळी पडलेली, आणि चौसष्टांपैकी कित्येक अध्यायांच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीने, बहुधा रोजच्या वाचनाच्या, तारखा मांडून ठेवलेल्या होत्या.